वरच्या घराची दोरी

त्या बेटावर वारा घरच्या जावयासारखा वागायचा. दार उघडलं की तो आधी आत, मग आपण. ताटाजवळचा कागद उडव, दिवा मालव, बोलणाऱ्याच्या तोंडातला शब्द उचलून समुद्रात टाक, असं त्याचं चालायचं. जनरेटर चालवायला नेमलेल्या माणसाची बायको इथं राहायला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिचे दोन अभ्रे आणि नवऱ्याचा एक शर्ट समुद्राला अर्पण झाले.

"अगं, ज्यांना इथं कपडे वाळवता येत नाहीत ते माघारी जातात," बेटावरची दुकानदारीण म्हणाली, आणि बाकीच्या बायका खो खो हसल्या. "आधीची मास्तरीण पळाली ती पळालीच. बघू, तू किती टिकतेस!"

या नव्या बाईच्या हातात शिवणाची कला होती. बायका तिला शिवणवाली म्हणायच्या, फाटके कपडे आणून द्यायच्या, पण टेकायच्या नाहीत आणि आपल्या घरी बोलवायच्या नाहीत. तिनं सगळं गिळलं. तिला टिकायचंच होतं हो! पलीकडच्या किनाऱ्यावर भावाच्या घरी तिची आई दाराजवळच्या खाटेवर दिवस ढकलत होती. वहिनी वाढायची, पण बोलायची नाही. "माझं घर लागू दे, तुला घेऊन येते," असं लेक सांगून आली होती, आणि ती माउली तेवढ्या एका शब्दावर जगत होती.

शेवटी राहायला घर मिळालं. बेटाच्या माथ्यावरचं, एकटं, अंगणात दोन खांबांना जाड दोरी ताणलेली. आईला निरोप गेला. आई गाठोडं घेऊन पलीकडच्या धक्क्यावर आली आणि इकडे वारा सुटला. होडी बंद. "थांबते गं मी इथल्या खोलीत, घाई नाही," एवढं आईचं बोलणं ऐकू आलं आणि फोनही गप्प झाला.

आईच्या अंथरुणाच्या चादरी लेकीनं धुऊन ठेवल्या होत्या. घरात त्या वाळेनात, कुबट वास मारायला लागल्या. इतक्या वर्षांनी आई येणार, आणि तिला ओलसर चादरीवर निजवायचं? तिनं शिवणाचं मशीन ओढलं, चादरींच्या काठाला रुंद पट्टी दुमडून शिवली, पट्टीतून दोरी ओवली आणि टोकं पक्की टाचून टाकली. चादरी फुगल्या, फडफडल्या, आदळल्या, पण सुटल्या नाहीत.

"अहो, बघा तरी! वाऱ्याचं नाक कापलं!"

"कापलेलं नाक शिवून मागायला तुझ्याकडेच येईल तो," नवरा म्हणाला. किती दिवसांनी दोघं असे हसले.

त्या हसण्यातच तिला पलीकडच्या डोंगराच्या टोकापाशी होडी दिसली. लाटांवर खालीवर होणारी.

दोघं खाली बेटाच्या धक्क्याकडे धावली. धक्क्याजवळच्या खडकांवर होडी उलटली. माणसांनी दोर टाकले, होडीवाल्याला ओढून काढलं. आई संध्याकाळी सापडली. गाठोडं मनगटाला तसंच बांधलेलं होतं.

घोंगडीत थरथरत होडीवाला सांगत होता, "पलीकडे डोंगराचा आडोसा, टोक ओलांडेपर्यंत वारा कळतच नाही. आम्ही दुर्बिणीतून वरच्या घराची दोरी बघतो. पहिल्यापासून तसंच आहे. कपडे दिसले की वारा पडला म्हणायचं. जोराचा असता, तर चादरी दोरीवर राहिल्या असत्या का? म्हातारीला तर काय आनंद! 'माझ्या लेकीनं चादरी वाळत घातल्या, चला हो,' म्हणाली."

ती जमलेल्या बायकांकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

 दुकानदारीण म्हणाली, "इथल्या लेकराला पण माहीत असतं गं ते. त्यात सांगायचं काय? आणि... तू राहशील असं वाटलं नव्हतं कुणाला."

कुणी दुष्ट नव्हतं. परक्या बाईला चुलीपाशी बसवून एवढं सांगायचं होतं, आणि तेवढं एक आसन कुणी पसरलं नाही. देव सगळं बघतो म्हणतात. त्या दिवशी त्यानं काय बघितलं असेल, कोण जाणे.

मग बायका आल्या. डबे घेऊन आल्या, तिच्या घरात पहिल्यांदा मांडी घालून बसल्या. "आता तू आमचीच," दुकानदारीण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "तुझं माणूस इथल्या मातीत आहे. आता कुठं जाशील?"

ज्या शब्दांसाठी तिनं इतकं गिळलं होतं, ते असे पदरात पडले.

"दुसरं घर मागू का?" नवऱ्यानं विचारलं.

"मागा. आणि या घरात पुढं जी येईल तिला दोरीचं कोण सांगणार? ह्या बायका?"



काही दिवसांनी वारा पडला. तिनं एका चादरीची पट्टी दातांनी उसवली, टाका न् टाका काढला आणि चादर दोरीवर नुसती टाकली. चिमटासुद्धा लावला नाही. पलीकडून होडी निघाली. खालून दुकानदारीण हात हलवून हाक मारत होती.

तिनं वळून पाहिलं नाही. चादरीचा काठ हलतो का, तेवढंच बघत ती दोरीखाली उभी राहिली.