राजाच्या चवीची बरणी

मी बरणी. माझं तोंड लहान आणि पोट मोठं, त्यामुळे एकदा आत गेलेली गोष्ट सहसा बाहेर येत नाही. पण आज समुद्रावरचं धुकं थेट अंगणात उतरलंय, सगळं गाव पुसून गेलंय. अशा वेळी मलाही बोलावंसं वाटतं.

माझा जन्म राजधानीजवळच्या भट्टीतला. कुंभाराने बोटांनी माझ्या अंगावर दोन वेल ओढले आणि म्हणाला, "जा, राजवाड्यात सुखाने नांद." जसा काही लेकीला सासरी धाडत होता.

राजवाड्याच्या मुदपाकखान्यामागे आम्ही चाळीस जणी ओळीने उभ्या असायचो. सोयाबीनच्या वड्या मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवायच्या, की काळाभोर रस तयार होतो. दरवर्षी नवा रस जुन्यावर ओतायचा, जुना कधी संपू द्यायचा नाही, विरजणासारखं. माझ्या आधीची बरणी तडकली तेव्हा तिच्यातला रस माझ्यात आला. दोनशे वर्षांमागे कुण्या राजाने चाखलेला थेंबही त्यात कुठेतरी तरंगत होता. रसाची चव बिघडली की घर बुडतं, असं तिथल्या बायका मानायच्या.

घर मात्र रसाला न विचारताच बुडालं. एका सेनापतीने गादी घेतली. आमच्या राजाला हद्दपार केलं, आणि वाटेतच तो नाहीसा झाला, असं लोकांनी ऐकलं. मला मात्र ठाऊक होतं. मुदपाकखान्यातल्या गन्नान नावाच्या दासीने मला पाठीवरच्या लाकडी चौकटीला बांधलं होतं, आणि राजा तिच्या मागून डोंगर चढत होता, फाटक्या चपला घालून.

या मीठ पिकवणाऱ्यांच्या गावात दोघं भाऊबहीण म्हणून राहिली. जिने जन्मात त्याच्या तोंडाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तिला आता गावादेखत त्याच्यावर खेकसावं लागे.

"दादा, लाकडं फोडतोस, की कुऱ्हाडीकडे बघत बसणार आहेस?"

"मी कुठे बघतोय? तीच माझ्याकडे बघतेय," राजा म्हणायचा. शेजारणी हसायच्या.

मग गन्नान माझ्यापाशी यायची, झाकण उचलायची आणि आत कुजबुजायची, "क्षमा असावी, महाराज." अशा कितीतरी क्षमा माझ्यात मुरल्यात.

एक काळजी तिला पोखरत होती. राजा जेवायचाच नाही. भातावर माझा चमचाभर रस घातला तरच चार घास उतरायचे. डोळे मिटून, हळूहळू. त्या चार घासांपुरता तो घरी जाऊन यायचा.

एका शरदात, भर दुपारी, बुडालेल्या घराण्याची माणसं हुडकत एक अधिकारी गावात आला. मुखियाकडे त्याचं जेवण होतं. शेजारीण बोबेने त्यासाठी मासा वाफवला. आमच्याकडे शेजारणीच्या बरणीतून रस घ्यायला कुणी विचारत नाही, तशी ती माझ्यातून वाटीभर घेऊन गेली. थोड्या वेळाने धापा टाकत परत आली.

"गन्नान, घोळ झाला गं. साहेबांनी घास घेतला आणि हात तिथेच थांबला. म्हणाले, ही चव मी राजवाड्यात घेतलीय, बरणी दाखवा. जेवण उरकून येतायत."

गन्नानने दगड उचलला. "फोडून टाकते हिला."

"तो खापऱ्या हुंगेल," राजा म्हणाला. कुंपणाशी मासे मुरवलेल्या खाऱ्या पाण्याचं मडकं होतं, ते त्याने उचललं. "सरक, गन्नान."

"महाराज, दोनशे वर्षं..." तिच्या तोंडून निसटलंच.

बोबे समुद्राकडे बघत म्हणाली, "मी काही ऐकलं नाही. मी आलेच नव्हते इथे."

त्याने मडकं माझ्यात रिकामं केलं. माझ्या पोटात एक राजवाडा होता. त्याची दारं एकेक करून उघडली आणि समुद्र आत शिरला.

अधिकारी बोबेला पुढे घालून आला. बोट बुडवून चाटलं आणि थुंकला. "हा तो नव्हे."

"चार दिवस धड न जेवता घोड्यावर होतात, साहेब," बोबे म्हणाली. "तुम्हाला आमच्या चुलीतली राखसुद्धा राजवाड्यातली लागली असती."

त्याने राजाच्या हातांकडे पाहिलं. कुऱ्हाडीने आलेले फोड फुटून घट्टे पडले होते. मग माझ्या झाकणाला बोट पुसून तो निघून गेला.

संध्याकाळी गन्नानने तोच रस वाढला आणि मान खाली घालून उभी राहिली. राजाने घास घेतला. चेहरा वाकडा झाला.

"वास मारतोय."

"हो."

"उद्याही हाच?"

"आता रोज हाच."

त्याने वाडगा जवळ ओढला. या खेपेला डोळे मिटले नाहीत. "मग उभी का? बस, तूही जेव. निवतंय."

ती बसली, अंग चोरून, अर्धी भिंतीकडे वळून. आणि जेवली.

आता दोघंही टेकडीवर माती पांघरून आहेत. बोबेच्या नातसुना माझ्यात रस भरतात. माशाचा वास काही जात नाही. तुम्ही कधी इकडे आलात आणि झाकण उचललंत, तर नाक मुरडू नका. याच वासाच्या आडोशाला एक माणूस निर्धास्त म्हातारा झाला.