‘झालं’ येईपर्यंत

मी एक थांबा बोलतोय. बसचा नव्हे हो! मला बाकडं नाही, छप्पर नाही, आणि माझ्यापाशी कोणी पिशव्या ठेवून घाम पुसत नाही. मी दिसतच नाही. एका लांबलचक आराखड्याच्या मधोमध लिहिलेल्या चार-सहा ओळी, एवढाच माझा देह. पण त्या ओळींपुढे केवढं काय येऊन निमूट उभं राहतं, ते मी पाहिलंय. त्याचं नवल मला अजून पुरतं पचलेलं नाही, म्हणून तुम्हाला धरून सांगतोय.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. एका कोपऱ्यात मिठाची डबी, दुसऱ्या कोपऱ्यात इस्त्रीचे कपडे आणि मधे लॅपटॉप. लॅपटॉपसमोर माझी धनीण. ती आणि तिचा थोरला भाऊ, दोघांचीच कंपनी. दादा बाहेर फिरून कामं आणायचा आणि ही घरी बसून ती करायची. शहरातल्या अँब्युलन्सना बोलावण्याची नवी व्यवस्था उभी करायची, हे काम त्याने आणलं होतं. कोणी फोन केला की कॉम्प्युटरने सगळ्यांत जवळची गाडी शोधायची आणि त्या गाडीत बसवलेल्या फोनसारख्या डब्यावर रिंग द्यायची. हे कॉम्प्युटर धनिणीच्या घरी नव्हते. दूर कुठल्या तरी थंडगार खोल्यांत असलेली, भाड्याने मिळणारी यंत्रं ती. तिच्या भाषेत क्लाउड.

आराखडा सुरू केला की तिकडे आपोआप बांधकाम सुरू व्हायचं. आधी माहिती ठेवायची कोठारं, मग कॉम्प्युटर, मग वाटा, आणि शेवटी फोन आत घेणारं दार. ना गवंडी, ना विटा. नुसतं लिहिलेलं होतं म्हणून उभं राहायचं! पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी माझं कामच विसरणार होतो.

माझं काम काय, ते मला शेजारच्या काकूंमुळे कळलं. त्या स्क्रू ड्रायव्हर परत द्यायला आल्या आणि खुर्ची ओढून बसल्याच.

“काय गं, मघापासून नुसती बघत बसलीयेस. बिघडलंय का?”

“नाही काकू, थांबलंय. मीच थांबवलंय. प्रत्येक अँब्युलन्समध्ये डबा बसवायचाय. ते काम इथून होत नाही, तिकडे यार्डात माणसांनीच करायचं. त्यांच्याकडून ‘झालं’ आलं की हे पुढे जाईल.”

“म्हणजे कुकरची शिट्टी व्हायची वाट बघण्यासारखं.”

“हो. फक्त कुकर दुसऱ्याच्या घरात.”

“आणि शिट्टी झालीच नाही तर?”

“मुदत घातलीय. ती संपली की जेवढं उभं राहिलंय तेवढं सगळं आपोआप पाडलं जातं.”

“अगंबाई! अर्धवट ठेवत नाही म्हणजे,” असं म्हणून काकूंनी स्क्रीनकडे जरा आदराने पाहिलं. तो आदर माझ्या वाट्याचा होता, असं मी समजतो.

मला एक पत्ता दिलेला आहे. तो ज्याच्या हाती, त्यानेच मला निरोप धाडायचा. पहिल्या खेपेला तो पत्ता यार्डाच्या मुकादमांकडे होता. सगळ्या गाड्यांचे डबे बसले की त्यांनी एकच ‘झालं’ पाठवायचं. त्यांचा निरोप आला, अगदी वेळेत आला. मी बाजूला झालो. माझ्यामागे थांबलेले कॉम्प्युटर, वाटा, दार, सगळं भराभर उभं राहिलं. दादाने बहिणीच्या पाठीत धपाटा घातला. आनंदाचा.

अँब्युलन्स बोलावायचा जुना फोन अजून चालू होता. त्यावरचे थोडेच कॉल नव्या वाटेने सोडून पाहायचे, असं ठरलं होतं. त्यांतला एक कॉल एका मुलीचा आला. तिचे वडील जिन्यावरून पडले होते. कॉम्प्युटरने क्षणात जवळची गाडी शोधली आणि रिंग दिली. रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना. कसं उचलणार? त्या गाडीतला डबा सीटखाली होता, खोक्यात, वरच्या चिकटपट्टीसकट.

लोकांचे फोन घेणाऱ्या खोलीतल्या बाईंनी प्रसंग ओळखून जुन्या फोनवरून दुसरी गाडी पाठवली. वडिलांचं पायाच्या प्लास्टरवर निभावलं. पण ती न उचललेली रिंग धनिणीने पुन्हा पुन्हा ऐकली. मग तिने मुकादमांना फोन लावला.

“अहो ताई, मी विचारलं ना एकेकाला! जो तो म्हणाला, झालंय. मग मी पाठवलं ‘झालं’.”

“पण बसवला होता का डबा?”

“बसवायला घेतला होता.”

मला यात मुकादमांचा राग नाही आला. माणसांचं असंच असतं, हे मी टेबलावरून रोज ऐकतो. दादा आंघोळीला जायच्या आधी फोनवर सांगतो, “निघालोच.” शिंपी म्हणतो, “काजं-बटणं तेवढी राहिलीत.” खोटं कोणालाच बोलायचं नसतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून होणारं ते ‘झालं’ करून टाकतात. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की त्यांच्या एका शब्दावर मी विश्वास टाकतो आणि माझ्यावर बाकीचे सगळे!

अँब्युलन्सच्या ऑफिसातल्या मॅडमनी दादाला बोलावून घेतलं. काम त्यांच्या हातातलं होतं. “आता एकदाच,” त्या म्हणाल्या. “या वेळी फिसकटलं तर मी दुसऱ्या कोणाला तरी बघते.” हे एकच मोठं काम होतं त्या दोघांकडे. हे गेलं असतं तर कंपनीही गेली असती. घरी येऊन दादाने ते सांगितलं आणि चपला घातलेल्या पायांनीच सोफ्यावर बसून राहिला. एरवी धनीण ओरडली असती.

धनिणीने पहिलं बांधकाम पाडलं आणि मला नव्याने लिहिलं. एका निरोपावर हलायचं नाही. जितक्या गाड्या तितके निरोप. शिवाय तो निरोप माणसाने द्यायचा नाही. डबा वायरला जोडला, चालू झाला, त्याला आपली गाडी आणि आपलं नेटवर्क सापडलं, की त्यानेच आपल्या नावाने बोलायचं. एकच डबा दहादा बोलला तरी मी तो एकदाच धरायचा.

दुसरी खेप एका दुपारी सुरू झाली. कोठारं उभी राहिली आणि सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं. काय ती शांतता! एवढी ताकद, डोळ्याचं पातं लवायच्या आत शहर पालथं घालणारी, आणि ती सगळी कुठल्याशा यार्डात हातात पाना घेऊन वाकलेल्या मेकॅनिकसाठी खोळंबलेली. कोणी धक्काबुक्की केली नाही, कोणी कुरकुरलं नाही. मग पहिला डबा बोलला. मग दुसरा. प्रत्येक जण आपलं नाव सांगून ‘झालं’ म्हणत होता आणि मी मोजत होतो. एवढं साधं मोजणं, पण एकेका नावासरशी मला भरून येत होतं.

एक सोडून सगळे आले. राहिली ती ‘म्हातारी’. ताफ्यातल्या सगळ्यांत जुन्या गाडीला यार्डात सगळे याच नावाने हाक मारायचे. तिची ड्रायव्हर एक बाई होती. डबा बसवला होता, पण चालू करायला गाडी एकदा बंद करून परत सुरू करावी लागायची. आणि तेवढ्यात म्हातारी कामावर निघून गेली होती.

मुदत सरत चालली. दादा येरझाऱ्या घालत होता.

“अगं, मी स्वतः बघितलाय तो डबा. बसवलाय. नुसता चालू करायचा राहिलाय.”

“मग झालं नाही म्हणायचं, दादा.”

“पत्ता आहे ना तुझ्याकडे? पाठव तिच्या नावाने. संध्याकाळी चालू करेलच ती.”

“आणि संध्याकाळपर्यंत कोणी जिन्यावरून पडलं तर?”

“शाळेत पण अशीच होतीस तू! शेजारची उत्तर दाखवायची, तरी बघायची नाहीस.”

“म्हणून तर तुझ्याहून दोन मार्क कमी पडायचे.”

एवढं बोलून ती हसली खरी, पण तिची बोटं कीबोर्डवर होती. माझा पत्ता तिला पाठ होता. तिने तो लिहिला असता तर मी हललो असतो. खरं-खोटं ओळखायची अक्कल मला दिलेली नाही. मी नुसता थांबू शकतो. शेवटी तिने दोन्ही हात उचलले आणि मांडीखाली घालून त्यांच्यावर बसली. लहान मुलं बसतात तशी.

दादाने थेट ड्रायव्हरबाईंना फोन लावला. तो स्पीकरवर होता.

“बाई, एक मिनिट गाडी बंद करून चालू करा. फक्त एक मिनिट.”

“वेड लागलंय का तुम्हाला? ही एकदा बंद पडली की धक्का मारल्याशिवाय उठत नाही. मागे बाळंतीण आहे माझ्या.”

“अहो, इथे आमचं सगळं पडेल!”

“पडू दे की. परत बांधा. माझं परत नाही व्हायचं.”

आणि तिच्या आवाजामागून दुसरा एक आवाज आला, थकलेला, विव्हळणारा. “अजून किती लांब आहे हो?”

दादाने फोन ठेवला. खुर्ची ओढून बहिणीशेजारी बसला, आणि दोघं जण मुदत संपताना बघत राहिले.

मुदत संपली. मला जे म्हणायला लिहिलं होतं ते मी म्हणालो: नाही आलं. मग जे शेवटी उभं राहिलं होतं ते आधी गेलं, त्याच्या आधीचं नंतर गेलं, आणि सगळ्यांबरोबर मीही गेलो. तुम्ही विचाराल, मग आता बोलतोय कोण? अहो, आराखडा शाबूत होता ना. माझ्या ओळी तिथेच होत्या. पडणं म्हणजे संपणं नाही, हे तेव्हा मला कळलं. ड्रायव्हरबाईंना ते माझ्याआधी कळलेलं होतं.

मॅडमना फोन करायची वेळ आली तेव्हा दादाने घसा खाकरला. मला वाटलं, आता नेटवर्कचं काही तरी सांगेल. पण तो म्हणाला, “मॅडम, नाही झालं. एक गाडी कामावर होती.”

पलीकडून प्रश्न आला, “पेशंट?”

“पोचली. सुखरूप.”

“मग तुम्ही हे भर दुपारी कशाला ठेवता? पाळी बदलताना सगळ्या गाड्या यार्डात असतात. यार्डात विचारलं नाहीत का?”

बहीण-भावाने एकमेकांकडे पाहिलं. एवढा आराखडा लिहिला, एवढ्या वाटा जोडल्या, पण गाड्या जागेवर कधी असतात हे दोघांपैकी कोणी विचारलंच नव्हतं.

“उद्या पाळी बदलताना करा,” मॅडम म्हणाल्या. “ज्याला ‘नाही झालं’ म्हणता येतं, त्याच्याकडून काम करून घेते मी.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उभा राहिलो. निरोप एकामागून एक आले आणि पुन्हा म्हातारीपाशी अडलं. मुकादमांचाच फोन आला.

“ताई, बंद केली ती आता सुरू होईना. सगळे मिळून धक्का मारतोय. मी काही पाठवत नाहीये बरं का! माझे दोन्ही हात गाडीला लागलेत.”

“मग फोन कशाने धरलाय मुकादम?”

“मानेने हो!”

फोनमधून खोकल्यासारखा आवाज आला, मग घरघर, मग बरीच माणसं एकदम ओरडली. आणि माझ्यापाशी एक बारीकसा निरोप येऊन पोचला. म्हातारी. झालं.

मी बाजूला झालो.

तेव्हापासून माझ्यासमोर ‘पूर्ण’ असा शब्द लिहिलेला आहे. माझं काम एकदाच असतं आणि ते झालं. आता मला कोणी काही विचारत नाही. काकू येतात, दादा निघालोच म्हणून आंघोळीला जातो, धनीण नव्या कुणासाठी नवा आराखडा लिहिते. त्यात मधोमध माझ्यासारखा कोणी तरी असेल. मी आहे तिथे आहे, वाटेच्या कडेला, आणि माझ्यावरून दिवसभर माणसांच्या हाका जात असतात.

तुम्हालाही कोणी तरी विचारेलच, “झालं का?” तेव्हा बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नका. आधी उठून सीटखाली एकदा बघून या. तुमच्या त्या शब्दासाठी कोण कोण थांबलंय, ते तुम्हाला दिसत नसतं. मला दिसलंय.

थांबा, एक हाक चाललीय. रिंग वाजतेय.

उचलली. म्हातारीनेच उचलली.