हळद जाईना

माझ्या धाकट्या बहिणीचं, समीक्षाचं लग्न ठरलं आणि ती आरशाला चिकटली. गालभर पिंपल्स. रोह्याजवळच्या वरसे गावचा जितेश तिला पिंपल्ससकट पसंत करून गेला होता, पण बाईसाहेबांना कोण समजावणार? शेवटी मीच ऑनलाइन ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्या. चहाच तो, चहाने कुणाचं काय बिघडतं! आईला मात्र सांगायचं नाही. लग्न ठरलेली मुलगी गोळ्या घेते म्हटलं की पेणभर भलतंसलतं पसरतं.

दोन महिन्यांत चेहरा खरंच निवळला. पण तिचं जेवण तुटलं, सारखी पडून राहायला लागली. "सासरला जायचं म्हणून जीव घाबरतोय," कृष्णाआत्या म्हणाली. मलाही ते पटलं.

लग्नाच्या सकाळी आंघोळ घातली, तरी आदल्या दिवशीची हळद जाईना. आई बेसन लावून घासत होती. "चढली गो पोरीला हळद!" आत्या खूश. मी हसले, पण डोकं चालेना. हळद आम्ही सगळ्यांनीच एकमेकींना फासली होती. माझे गाल स्वच्छ, मग हिचेच का पिवळे? मी जाऊन उरलेल्या हळदीचा वासही घेऊन आले. हळदीसारखीच होती.

काजळ घालायला तिची पापणी खाली ओढली. आतलं पांढरं पिवळंधम्मक होतं. डोळ्यांत कुणी हळद लावत नाही.

"ताई, अंगभर खाज सुटलेय. लघवीपण काळपट होतेय."

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले. तूच म्हणालीस ना, कुणाला सांगायचं नाय."

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "लिव्हरला सूज दिसतेय. काही औषध चालू होतं?"

"नाय ओ," आई ठासून म्हणाली. "आमची पोर डोकेदुखीचीपण गोळी घेत नाय."

समीक्षाने माझ्याकडे बघितलं. दाराशी जितेश उभा होता, मुंडावळ्या खिशात कोंबून. मला वाटलं, आत्ता बोलले तर दोन्ही घरं मला आयुष्यभर माफ करणार नाहीत. तरी मी पर्समधली डबी काढून टेबलावर ठेवली.

"यावर रोज एक लिहिलंय," मी म्हणाले. "लवकर गुण यावा म्हणून मीच तिला तीन घ्यायला सांगितल्या."

आईने माझ्याकडे बघितलंच नाही. ती आपल्या हातांकडे बघत होती. तिच्या नखांत अजून बेसन होतं.