मी एकटी राहिली

इजिप्तच्या दक्षिणेकडच्या आमच्या नुबी बोलीत क्रियापदाला बाई-पुरुष नसतो. त्यामुळे माझे बाबा, मेक्की, पन्नास वर्षं कैरोत काढूनही अरबीत स्वतःला 'आली, गेली' म्हणतात आणि मला 'आला, गेला'. शाळा सुटली की फाटकाशी उभे राहून हाक मारायचे, "शाया, मी आली, तू कुठे लपला?" पोरी हसायच्या. मी चार पावलं पुढे चालायचे, आमचं काही नातंच नसल्यासारखी.

आता मी मालिका लिहिते. माझी चार वर्षांची नबरा आजोबांजवळ, तिच्या गिद्दोजवळ, खेळते तेवढ्याच दोन तासांत. त्यांचं ऐकून तीही 'मी जेवतो, मी झोपतो' म्हणते. मी तिला कधी सुधारलं नाही. मला ते ऐकायला आवडतं.

वाहिनीला रमजानसाठी घरादाराने एकत्र बसून बघावी अशी हसरी मालिका हवी होती. नुबी मुलगी, अलेक्झांड्रियाचा मुलगा, शेवटी लग्न. मी अटी घातल्या. मुलीचा बाप, पडद्यावर नुबी माणूस नेहमी असतो तसा, दारवान नको, आचारी नको, इंजिनियर हवा. नायिका मुळातच काळी हवी, गोरीला रंग फासायचा नाही. दिग्दर्शक उस्ताज वजदींनी सगळं मान्य केलं. त्या आनंदात मी पाठवणीच्या प्रसंगात एक वाक्य आमच्या घरचं घातलं. माझ्या लग्नात गाडीचं दार लावताना बाबा म्हणाले होते, "तू चालला, आणि मी एकटी राहिली." आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

शाळेचं फाटक मला तेव्हा आठवलं कसं नाही, कोण जाणे.

आज दुपारी मी मसूर निवडत होते, तर संकलन करणाऱ्या मुलीचा फोन आला. भारी झालाय भाग, म्हणाली. बापाचं काम करणाऱ्याने ते वाक्य असं काही म्हटलं की सेटवर सगळे लोळले. मग वजदींनी नवऱ्यामुलाच्या काकाकडून त्याची नक्कलही करवून घेतली, वर वाजंत्री टाकली. ते काढता येईल का, मी विचारलं. ती म्हणाली, "अगं, वेड लागलंय का? जाहिरातीत तेच आहे."

ताटातले मसूर पुन्हा पोत्यात ओतले, खड्यांसकट.

लेकीच्या मालिकेत आज आपलं वाक्य येणार, असं बाबांनी कॉफीच्या दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गलाबियाला, त्या लांब झग्याला, इस्त्री करून ते चारपासूनच बसले होते. मी टीव्हीमागची वायर सैल करून पाहिली. नबरा म्हणाली, "अम्मा, तू काय तोडतो?" मी वायर पुन्हा खोचली. तेवढ्यात हमीदा आत्या, बाबांची बहीण, अब्रेहचं आंबटगोड सरबत घेऊन आली. "लेकीने तुला टीव्हीत घातलंय म्हणे," ती बाबांना म्हणाली. "दाढी तरी करायचीस." बाबा लाजले.

सूर्यास्ताची तोफ झाली, खजूर तोंडात गेले, रोजा सुटला. मालिका सुरू झाली. इंजिनियर बाप दिसला तसे बाबा ताठ बसले. "कोट चांगला आहे," म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही. पाठवणी आली. गाडीचं दार लागलं.

"तू चालला, आणि मी एकटी राहिली."

त्या नटाने शेवटचा शब्द उंच, बायकी आवाजात ओढला. काकाने मान वेळावून तोच पुन्हा म्हटला. वाजंत्री वाजली. आत्या आधी हसली, मग तिने पदर तोंडात धरला. नबरा टाळ्या पिटत म्हणाली, "गिद्दो, तो तुझ्यासारखा बोलतो."

बाबाही हसले. अगदी थोडं. ते हसू मी फाटकाशी रोज पाहिलं होतं. म्हणजे त्यांना तेव्हाही कळत होतं. पोरी कशाला हसतात, मी पुढे का चालते, सगळं.

नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रागावलेही नाहीत. रागावले असते तर मला पाय तरी धरता आले असते. मी ताट उचलताना एकदा "बाबा" म्हटलं. त्यांनी सरबताचा पेला माझ्या हातात दिला, रिकामा.

तरावीहच्या नमाजाची वेळ झाली. त्यांनी दाराशी चपला घातल्या आणि तिथेच थांबले. ओठ हलत होते. नवख्या पोराने धडा म्हणावा तसे.

"शाया, मी," ते थांबले, "मी जातो."

मी हातातला पेला पुसत राहिले.

"बरोबर बोललो ना?" त्यांनी विचारलं.

नबरा धावत गेली, त्यांच्या गलाबियाला लोंबकळली. "गिद्दो, लवकर ये. मी वाट बघतो."

बाबा खाली वाकले. तिच्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाले, "बघते म्हण. बघते."