यमुताईंचं मौन जेवण

चातुर्मासात यमुताईंचं मौन जेवण असायचं. पहिला घास घेतल्यापासून आचवेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. चुकून निघालंच, तर भरल्या पानावरून उठायचं आणि त्या सालचं व्रत मोडलं असं समजायचं. यंदा कार्तिकी एकादशी तोंडावर आली तरी व्रत निभावलं होतं, तेही दत्तोपंतांसारखा नवरा समोरच्या पाटावर असताना. दत्तोपंत कचेरीत दिवसभर साहेबाचं मुकाट ऐकून घेत आणि साठवलेलं सारं बोलणं घरी जेवताना काढत.

त्या रविवारी बेसनाचे गोळे घालून शिजवलेला गोळाभात होता.

"गोळाभात तुम्हीच केला न?" दत्तोपंतांनी विचारलं. "बोलत नाही म्हणजे शेजारच्या पार्वतीबाईंनी धाडला असंल. तरीच म्हटलं, एवढा चांगला कसा!"

यमुताईंनी मान खाली घातली. हसू ओठांत दाबताना कान मात्र लाल झाले.

"अण्णा, घास तोंडात असताना बोलू नका," चारुशीला म्हणाली. लेक मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. सकाळी शिकलेलं रात्री घरच्यांना शिकवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "गळ्यात दोन नळ्या असतात. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. वरची वाट दोघींची एकच."

"दोन जावा अन् एक सैपाकघर म्हण न!"

"म्हणूनच श्वासनलिकेवर झाकण आहे. गिळताना ती वर उचलली जाते, झाकण पडतं, श्वास क्षणभर थांबतो. कंठावर बोट ठेवून गिळून पाहा."

"अवं, मणी वर चढला की!"

यमुताईंनीही पदराआड बोट ठेवून पाहिलं. खरंच काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं. जन्मभर देवानं दारावर असा राखणदार बसवलाय आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही! त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

"आन् बोललं की?" दत्तोपंतांनी विचारलं.

"आवाज म्हणजे बाहेर येणारा श्वासच. स्वरतंतूंवरून जाताना तो त्यांना थरथरवतो. त्यासाठी वाट उघडी लागते. खाताना हसलात, तर पुढचा श्वास घासालाही आत ओढतो." एवढं सांगून ती ताक आणायला आत गेली.

"म्हणजे तुमचं झाकण इमानदार," दत्तोपंत बायकोकडं वळले, "आन् माझं सरकारी नोकर! साहेबापुढं बंद, घरी सदा रजेवर!" आणि स्वतःच्याच विनोदावर, तोंडात गोळा असताना, ते खदखदून हसले.

ठसका लागला. खोकला आला. मग एकाएकी आवाजच बंद झाला. तोंड उघडं, डोळे बाहेर, हात गळ्याशी.

आवाज नाही म्हणजे श्वास नाही, हे यमुताईंनी आत्ताच ऐकलं होतं. त्या उठून धावल्या. पण दत्तोपंत भीतीनं खांबासारखे ताठ.

"वाका! अहो, खाली वाका म्हणते न!"

त्यांनी एका हातानं त्यांची मान वाकवली आणि दुसऱ्या हातानं दोन खांद्यांच्या मधोमध धपाधप मारलं. गोळ्याचा तुकडा ताटात पडला. शिट्टी वाजावी तसा श्वास आत गेला.

ताकाचं भांडं घेऊन आलेली चारुशीला दारातच थबकली. "आई, तू बोललीस!"

यमुताईंनी आपल्या अर्ध्या ताटाकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"मी तर काही ऐकलं नाही," दत्तोपंत घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तू ऐकलं का वं, चारू?"

"आईच्या तोंडात घास नव्हता. ते धरायचं नाही," चारुशीलानंही री ओढली.

"देवापुढं वकील नाही लागत," यमुताई हळूच म्हणाल्या आणि हात धुवायला वळल्या.

मागून पाट सरकला. कधी पान न टाकणारे दत्तोपंतही उठले होते.

"तुम्ही काहून उठले?"

"व्रत मी मोडलं न. तुम्ही उपाशी राहणार आन् मी काय जेवू?"

यमुताईंनी डोळे पुसले. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"उपाशी राहून नाही भागत. सासूबाई म्हणत, ज्यानं व्रत मोडवलं त्यानंच ते तडीस न्यावं. एकादशीपर्यंत मौन आता तुमचं."

"माझी आई असं कधी म्हणाली?"

"तुम्ही बोलून राहिले असाल तेव्हा. तुम्हाले कसं ऐकू येणार?"

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत ओठ मिटून जेवायला बसले. थोड्या वेळानं त्यांनी आमटीच्या भांड्याकडं बोट केलं.

"बोटानं मागणं म्हणजेही बोलणंच, बरं का," यमुताई गोड आवाजात म्हणाल्या आणि शेजारच्या पार्वतीबाईंच्या सुनेची गोष्ट त्यांनी अगदी सावकाश सांगायला घेतली.