हलक्या बॉक्सचा आवाज

शिवानीनं स्पीकरचा बॉक्स दोन्ही हातांनी उचलला आणि स्टेजवरच्या लोखंडी स्टँडवर ठेवला. एकटीनं. कंबरेत कळ येते का, म्हणून ती क्षणभर श्वास रोखून उभी राहिली. आली नाही.

मणक्याच्या ऑपरेशननंतर जड उचलायला तिला साफ मनाई होती, आणि तिच्या बास गिटारचा जुना बॉक्स तर दोघांनाही जेमतेम हलायचा. "हलक्या बॉक्सचा आवाज पुरला न्हाय, तर तुझ्याऐवजी बास कीबोर्डवर भागवू," जैनोद्दीनचाचांनी सांगून टाकलं होतं. ऑर्केस्ट्रा त्यांचा, मुख्य गायकही तेच.

दुकानात तिनं सर्वांत हलका बॉक्स मुद्दाम टाळला होता. त्याच्यावर वॅटचा आकडा मोठा, पण तेवढ्याच ताकदीत आवाज कमी. हा दोन स्पीकरचा; चुंबक हलक्या धातूचं, लाकूड पातळ, तरी भरून वाजणारा. निदान दुकानात तरी. न पटल्यास परत करायच्या बोलीवर तिनं तो आणला होता.

कार्यक्रमाआधी, तेर गावच्या मोकळ्या मैदानात, तिनं जाडी तार छेडली. पार टोकाला उभ्या असलेल्या सोमेशनं, त्यांच्या ड्रमवाल्यानं, हात उंचावला. व्यवस्थित पोचत होतं.

"आवाज कुठाय, बेटा?" शेजारी उभे असलेले चाचा म्हणाले.

तिनं बटण फिरवलं. सोमेशनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

"न्हाय. जुन्याची बात न्हाय यात."

तिनं गाण्याची सुरुवात वाजवली. चाचांनी गाणं उचललं, ते पूर्ण एक मात्रा उशिरा. ते थांबले, परत गायले, परत चुकले. चाळीस वर्षं गाणारा माणूस. त्यांची नजर तिच्या बोटांवर खिळली होती आणि अनवाणी पावलं स्टेजच्या फळ्यांत बासची थरथर चाचपडत होती.

शिवानीचा हात तारेवर थबकला.

बॉक्स स्टँडवरून उतरवून तिनं थेट फळ्यांवर, त्यांच्या पायांजवळ ठेवला. आवाज होता तेवढाच ठेवून तीच सुरुवात वाजवली. फळ्या थरथरल्या. चाचांनी डोळे मिटले आणि गाणं अचूक समेवर उचललं.

सोमेश धावत आला.

"काय बदललं गं?"

"जागा."

चाचांनी तिच्याकडं पाहिलं, मग नजर वळवली. उपरण्यानं मान पुसली.

"राहू दे हाच," ते म्हणाले. "तुला झेपतोय."

"व्हय, चाचा." वायर गुंडाळता गुंडाळता ती हळूच म्हणाली, "उद्या सोनारीच्या कार्यक्रमात स्टेजच्या पुढं नका जाऊ. माझ्या शेजारीच, बॉक्सपाशी उभे राहा."

तिच्या ओठांकडं बघत त्यांनी मान हलवली. ती पुरतं बोलायच्या आधीच.