हिरडीचं जेल

कल्पना माझी होती, हे आधीच सांगते, नाहीतर सगळं बिचाऱ्या नवऱ्याच्या नावावर खपेल. लग्नाला बरीच वर्षं झाली, तेच ते आणि तेच ते, म्हणून मीच म्हटलं, एकदा मागून करून बघू या. नवरा दातांचा डॉक्टर. पेशंटने नुसता श्वास ओढला तरी याचा हात थांबतो. तर या गृहस्थाने दवाखान्यातून जेल आणलं. इंजेक्शनच्या आधी हिरडीवर चोळतात ते, बधिर करणारं.

"काही जाणवणार नाही," तो म्हणाला, आणि खरोखरच काही जाणवलं नाही. दुखलं नाही, मजाही आली नाही. "सुरू झालं का?" असं मी मध्येच विचारलं, तर स्वारी रुसली.

सकाळी जेल उतरलेलं होतं. संडासला बसले आणि आतून काचा बाहेर पडताहेत की काय, असं वाटलं. कागदावर रक्त होतं, लालभडक. थोडंसंच होतं, पण आपल्या रक्ताला थोडंसं म्हणायला काळीज लागतं.

त्यात माझं काम गाडी शिकवण्याचं. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली जास्तीचा ब्रेक घेऊन. तेव्हा एक निवृत्त बँक मॅनेजर शिकायला येत होते. क्लच सोडायचा म्हणजे त्यांना मुदतठेव मोडल्यासारखं वाटायचं. शेवटी एकदम सोडायचे आणि गाडी बेडकासारखी उडायची. मी दात आवळून म्हणायची, "छान. आता जरा हळू सोडा."

नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, अजून थोडं जेल लाव. लावलं. बधिर होतं तोवर मी शहाणी नेहमीसारखी बसायची, संडासला जोर करायची, आणि जेल उतरलं की आदल्या दिवसापेक्षा जास्त ठणकायचं. दाताच्या डॉक्टरकडून दुसरा कुठला उपाय सुचणार म्हणा.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. मी चहा उभ्याने पिते, हे त्यांनी हेरलं आणि निकाल दिला, "मूळव्याध आहे. दिवसभर बसून बसून होणारच."

"असेल," नवरा म्हणाला आणि त्याने कपात तोंड खुपसलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुखणं दोघांचं, आणि नाव माझ्या बसण्याचं! पण सासूसमोर तोंड उघडायची छाती मलाही होईना. हे आणखी चिघळलं तर आपण गाडीत कधी बसणार आणि खरं कुणाला सांगणार, या भीतीने मी मनातून पार खचले होते.

शेवटी सर्जन बाईंकडे गेलो. सासूबाई सोबत निघाल्याच. "बाकीचे बाहेर थांबा," बाई म्हणाल्या, तर "मी तिच्या आईसारखीच आहे" म्हणत सासूबाई खुर्चीवर ठाण मांडून बसल्या. आई हलत नाही म्हणून मुलगाही शेजारी. मी पडद्याआड कुशीवर.

बाईंनी हलक्या हाताने तपासलं. "मूळव्याध नाही. चीर पडली आहे. बद्धकोष्ठ आहे का?"

"नाही."

"मग कशाने?"

"बैठं काम आहे तिचं," पडद्यापलीकडून सासूबाई.

"मी त्यांना विचारतेय," बाई म्हणाल्या आणि आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "खरं कारण कळलं तर उपचार सोपा. नाही कळलं, तर मला आत दुर्बीण घालून शोधत बसावं लागेल."

मी पडद्याकडे बघितलं. पलीकडे खुर्ची करकरली.

"जेल मी लावलं होतं," नवरा म्हणाला. आवाज बारीक, पण स्पष्ट. "हिरडीचं, माझ्या दवाखान्यातलं. आम्ही मागून... म्हणजे तिला दुखू नये म्हणून."

मला इतकं बरं वाटलं, की त्या अवस्थेत हसू फुटलं, आणि हसताना भयंकर दुखलं.

"गुदसंभोग," बाई रक्तदाब सांगावा तशा सुरात म्हणाल्या. "अहो डॉक्टर, दुखणं म्हणजे शरीर थांब म्हणतंय. तुम्ही त्याचंच तोंड बंद केलंत. ते जेल आता बंद. कोमट पाण्याच्या टबात बसायचं, संडासहून आल्यावर तर नक्कीच. पाणी भरपूर, इसबगोल रोज, जोर करायचा नाही, साबण चोळायचा नाही. मलम लिहून देते. पूर्ण भरेपर्यंत तो विषय नको. पुढे कधी वाटलंच तर कंडोम, भरपूर वंगण, घाई नाही, आणि या थांब म्हणाल्या की थांबायचं. ताप आला, पू किंवा चिकट स्राव दिसला, रक्त वाढलं किंवा पोटात जोरात दुखलं, तर लगेच या."

सासूबाई पर्स उचलून सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या.

परतताना औषधाच्या दुकानापाशी गाडी थांबवून नवरा खाली उतरला. त्याचे कान अजून लाल होते. गाडीत आम्ही दोघीच. मी मागच्या सीटवर एका बाजूला कलून बसलेली, पुढे सासूबाईंची ताठ मान. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"बोलला तो," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"माझ्या वेळी तुझे सासरे बाहेर बाकावर बसून राहिले होते. मी मूळव्याध म्हणून सांगून मोकळी झाले. डॉक्टरांनीही तेच औषध दिलं."

मी पुढच्या सीटकडे सरकले. "मग बरं कधी वाटलं?"

"बरेच महिने गेले. बसताच येत नव्हतं गं." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "आणि घरात सगळ्यांना केवढं कौतुक, सून किती कामाची, घडीभर बसत नाही."